एका त्रुटीत कळवण किती सरकतं?

कळवणला घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा मध्यान्ह व्हायला अजून अर्ध्या तासाहून जास्त वेळ असतो. देशाचं घड्याळ लावलेलं आहे ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर, आणि कळवण आहे चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेआठ अंशांची झाली ३४ मिनिटं. ही अर्थात वर्षाची सरासरी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळवणचं खरं मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास होतं आणि फेब्रुवारीच्या मध्याला ते १२ वाजून ४८ मिनिटांपर्यंत लांबतं. मुंबई आणखी पश्चिमेला, म्हणून तिथला फरक ३९ मिनिटांचा. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. कळवणकडे तेवढा हट्ट करायला नगरपालिका नव्हती, गिरणी कामगार नव्हते आणि वर्तमानपत्रंही नव्हती.

मिनिटांचा हा हिशेब बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्याच जिन्याने खाली उतरत गेलं की मात्र गंमत सुरू होते. कळवणच्या अक्षांशावर पृथ्वीचा घेर सुमारे ३७,५०० किलोमीटर भरतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की कळवण दर सेकंदाला पूर्वेकडे सुमारे ४३५ मीटर सरकतं. म्हणजेच गावात पूर्व-पश्चिम असं ४३५ मीटर चाललं की सूर्याच्या हिशेबाने एक सेकंद बदलला. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात, पण कळवण गावाच्या पश्चिमेला. त्यामुळे गडावरचं मध्यान्ह गावापेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने उशिरा होतं.

आता सेकंदाचे हजार भाग करा. एका भागाला मिलिसेकंद म्हणतात आणि तेवढ्यात कळवण ४३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर सरकतं. त्याचे पुन्हा हजार भाग केले की झाला मायक्रोसेकंद. त्यात सरकतं अर्ध्या मिलिमीटरहून कमी. या दोन पायऱ्यांच्या मधोमध आपल्याकडचं एक जुनं माप बसतं, ते म्हणजे त्रुटी. भास्कराचार्यांच्या त्रुटीत कळवण १.३ सेंटिमीटर सरकतं, करंगळीच्या रुंदीइतकं.

भास्कराचार्यांचं नाव इथे मुद्दाम घेतलं. कळवण तालुक्यातून वाहणारी गिरणा पुढे मालेगाव ओलांडून चाळीसगाव तालुक्यात जाते, आणि त्या तालुक्यातल्या पाटणे इथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला. लेख तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा, यादवांच्या राजवटीतला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यांचं विज्जलवीड गाव नेमकं कोणतं यावर विद्वानांत वाद आहेत, त्यात आपण पडायला नको. पाटणे कळवणपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या घड्याळात चारेक मिनिटं पुढे.

'सिद्धान्तशिरोमणी'त काळाच्या मापांची उतरंड अशी आहे: दिवसाचे ३० क्षण, क्षणाच्या दोन घटिका, घटिकेच्या ३० कला, कलेच्या ३० काष्ठा, काष्ठेचे १८ निमिष, निमिषाचे ३० तत्पर आणि तत्पराच्या १०० त्रुटी. ही तोंडपाठ करायची गरज नाही, गुणाकार तेवढा करू. ३० गुणिले २ गुणिले ३० गुणिले ३० गुणिले १८ म्हणजे दिवसाचे ९ लाख ७२ हजार निमिष. त्याला तीन हजारांनी गुणलं की दिवसाच्या २९१ कोटी ६० लाख त्रुटी. याला ८६,४०० ने भागलं तर काहीही बाकी न उरता ३३,७५० येतात. सेकंदाच्या ३३,७५० त्रुटी म्हणजे एक त्रुटी २९.६ मायक्रोसेकंदांची, एक तत्पर जवळपास ३ मिलिसेकंदांचा आणि एक निमिष ८९ मिलिसेकंदांचा.

इथवर आलं की व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो निरोप आठवतो: आमच्या पूर्वजांनी सेकंदाचा तेहतीस हजारावा भाग मोजला होता. मोजला नव्हता, भागला होता. ज्या काळी वेळ मोजायला बुडाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात तरंगत सोडत आणि ते बुडालं की घटका भरली म्हणत, त्या काळी दोन-चार सेकंदांखालचं काही हाताला लागणं शक्य नव्हतं. भास्कराचार्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ग्रहगणितात कामाला येतात ती त्यांची घटिका, पळं आणि चार सेकंदांचा असू. यंत्रांवरच्या अध्यायात घटीयंत्र, शंकू, फलकयंत्र यांची वर्णनं करून ते धीयंत्राला, म्हणजे बुद्धीलाच, सर्वांत श्रेष्ठ ठरवतात. त्रुटी ही त्या धीयंत्राची करामत. आणि मला विचाराल तर त्यांची खरी झेप त्रुटीत नाहीच. चंद्राची गती घटकेघटकेला बदलते, तेव्हा दिवसाची सरासरी गती घेऊन भागणार नाही, त्या क्षणाची गती धरली पाहिजे, हा जो तात्कालिक गतीचा विचार त्यांनी केला, तो काळाचे बारीक तुकडे करण्यापेक्षा फार पुढचा आहे. निरोप पाठवणाऱ्यांना तो सापडत नाही, कारण त्यात चमकदार आकडा नाही.

त्या निरोपात दुसरीही एक अडचण आहे. त्रुटी कुणाची? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन त्रुटींचा लव, दोन लवांचा निमिष, पाच निमिषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला आणि चाळीस कलांची नालिका, म्हणजे घटिका. हिशेब केला तर कौटिल्याची त्रुटी भरते ६० मिलिसेकंद, भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या २,०२५ पट. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात शंभर त्रुटींचा वेध, तीन वेधांचा लव, तीन लवांचा निमिष असा क्रम आहे. तिथली त्रुटी येते ०.४७ मिलिसेकंद, भास्कराचार्यांच्या बरोबर सोळा पट. निमिषाचंही तेच. मनुस्मृतीत तीस कलांचा मुहूर्त, भास्कराचार्यांकडे तीस कलांची घटिका. त्यामुळे मनूचा निमिष १७८ मिलिसेकंदांचा, भास्कराचार्यांच्या दुप्पट. डोळ्याची पापणी लवायला साधारण १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात, तेव्हा पापणीच्या बाबतीत मनूचा अंदाज जवळचा म्हणायचा. आंतरराष्ट्रीय शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत पाय हलला तर धावपटू बाद होतो, कारण इतक्या लवकर आवाज ऐकून निघणं माणसाला शक्य नाही असं धरलेलं आहे. भास्कराचार्यांच्या निमिषात सुटणारा धावपटू तिथे बादच ठरेल.

शं. बा. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली निघाला. ही सगळी मापं ग्रंथागणिक कशी बदलतात हे मराठी वाचकाला तेव्हापासून उपलब्ध आहे. म्हणून जुन्या मापाचं रूपांतर करायचं तर पहिला प्रश्न ग्रंथ कोणता हा, आणि नंतर गुणाकार. आणि दोन ग्रंथांची मापं एकमेकांत थेट बदलायला जाऊ नये. आधी दोन्हींचे सेकंद करावेत. सगळे फसतात ते इथेच.

पंचांगातली घटी-पळं मात्र या गोंधळातून सुटलेली आहेत. तिथे सरळ साठाचा हिशेब: दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाची ६० विपळं, विपळाची ६० प्रतिविपळं. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. उलटं पाहिलं तर तासाच्या अडीच घटिका, मिनिटाची अडीच पळं, सेकंदाची अडीच विपळं. पावकी-निमकीबरोबर अडीचकी पाठ असलेल्या पिढीला यासाठी कागद लागत नसे. सूर्योदयापासून १२ घटी ३० पळांनी तिथी संपते असं जुन्या पंचांगात दिसलं तर साडेबाराला अडीचने भागायचं, आले पाच तास. सूर्य ६ वाजून २० मिनिटांनी उगवला असेल तर तिथी ११ वाजून २० मिनिटांनी संपली. पंचांग मुंबईच्या सूर्योदयावर केलेलं असेल तर कळवणकरांनी रेखांशाची पाच मिनिटं, म्हणजे साडेबारा पळं, धरायला हवीत, कारण कळवणला सूर्य मुंबईच्या आधी येतो.

या साठाच्या जिन्याची शेवटची पायरी प्रतिविपळ. सेकंदाची १५० प्रतिविपळं. एवढ्या बारीक मापाचं ज्योतिषालासुद्धा काय काम, असं वाटेल. पण ते माप आज कळवणच्या विहिरीवर रोज चालू आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदात ५० आवर्तनं करतो, तेव्हा एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे बरोबर तीन प्रतिविपळांचं. पंपाला थ्री फेज लाइन लागते, त्यातल्या लाल, पिवळ्या आणि निळ्या फेजचे दाब एकाच वेळी चढत नाहीत. लालचा कळस झाला की एकतृतीयांश आवर्तनाने पिवळ्याचा, तेवढ्याच वेळाने निळ्याचा. वीस मिलिसेकंदांचा एकतृतीयांश म्हणजे सेकंदाचा दीडशेवा भाग. तेच प्रतिविपळ, किंचितही कमी-जास्त नाही. एकामागून एक येणाऱ्या या तीन लाटांमुळे मोटारीत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. वायरमनने दोन फेज अदलाबदल करून जोडल्या की लाटांचा क्रम उलटतो आणि मोटार उलटी फिरते, पाणी येत नाही. एक फेज गेली तर तिसरी लाट येतच नाही, उरलेल्या दोन तारांवर भार पडतो आणि मोटार जळते. हा योगायोग आहे, विजेच्या कंपनीने पंचांग पाहिलेलं नाही. एकाने ६० च्या पायऱ्या धरल्या, दुसऱ्याने ५० आवर्तनं आणि तीन फेज, आणि आकडे एकाच जागी येऊन मिळाले.

नव्या मापांचा जिना हजाराचा आहे. सेकंदाचे हजार मिलिसेकंद, मिलिसेकंदाचे हजार मायक्रोसेकंद, त्याचे हजार नॅनोसेकंद, त्याचे हजार पिकोसेकंद, मग फेम्टो, अॅटो, झेप्टो, योक्टो. २०२२ साली रोंटो आणि क्वेक्टो या आणखी दोन पायऱ्या अधिकृत झाल्या. दर पायरीला तीन शून्यं. सोपं आहे, पण मराठी माणसाची पंचाईत अशी की आपली संख्या हजारानंतर शंभराच्या उड्यांनी वाढते, लाख, कोटी. त्यामुळे सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद, शंभर कोटी नॅनोसेकंद, एक लाख कोटी पिकोसेकंद असं म्हणावं लागतं आणि मध्येच एखादं शून्य गळतं. यावर उपाय एकच: लाख-कोटींत बोलू नये, पायऱ्या मोजाव्यात. मिलिपासून नॅनोपर्यंत दोन पायऱ्या, म्हणून सहा शून्यं. मायक्रोपासून फेम्टोपर्यंत तीन, म्हणून नऊ. गुणायचं की भागायचं असा संभ्रम पडला तर बाजार समितीचा वजनकाटा आठवावा: क्विंटलचे किलो केले की आकडा वाढतो, कांदा वाढत नाही. माप लहान तर आकडा मोठा. भागवतातली ०.४७ मिलिसेकंदांची त्रुटी मायक्रोसेकंदांत ४७० च्या घरात जाते, ०.००० काहीतरी होत नाही.

शून्यं मोजता आली तरी तेवढ्याने नॅनोसेकंद डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यासाठी अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला येताना तारेचे तुकडे घेऊन येत आणि श्रोत्यांना वाटत. तुकडा जवळजवळ फूटभर लांबीचा, कारण प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. आपल्या दप्तरातली फूटपट्टीही तेवढीच. या फूटपट्टीचा आणखी एक उपयोग आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. तीच पट्टी आवाजाच्या हातात दिली की मिलिसेकंद दाखवते आणि प्रकाशाच्या हातात दिली की नॅनोसेकंद. पुढचं सगळं प्रकाशाला विचारावं: पिकोसेकंदात तो जातो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, फेम्टोसेकंदात एखाद्या जिवाणूच्या लांबीपेक्षाही कमी, आणि अॅटोसेकंदात दोन-तीन अणूंची रुंदी. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर आगोस्तिनी, फेरेन्स क्राउस आणि अॅन लुईलिए यांना मिळालं ते अॅटोसेकंदांच्या प्रकाशझोतांसाठीच. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या हालचाली त्या वेळेत घडतात.

प्रयोगशाळेत जायची मात्र गरज नाही. नॅनोसेकंद बांधावर येऊन पोचला आहे. भूमी अभिलेखचा मोजणीदार हल्ली काठीवर बसवलेला रोव्हर घेऊन येतो, शेताच्या कोपऱ्यावर उभा करतो, थोडा वेळ थांबतो आणि पुढच्या कोपऱ्याकडे जातो. भाऊबंद दोन्ही बाजूंनी उभे असतात, कुणी बांध कोरलाय ते आज ठरणार म्हणून. त्या काठीवरचं यंत्र प्रत्यक्षात वेळ मोजत असतं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. उपग्रह डोक्यावर असला तर त्याचा संदेश जमिनीवर यायला ६७ मिलिसेकंद लागतात. किती वाजता निघाला हे संदेशातच असतं, किती वाजता पोचला हे रोव्हर पाहतो, आणि फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. रोव्हरमधलं घड्याळ साधं, क्वार्ट्झचं. त्याची चूक किती, हेही एक अज्ञात धरून चार उपग्रहांची चार समीकरणं सोडवली जातात. तीन उपग्रह जागेसाठी आणि चौथा घड्याळाचे कान पिळायला.

एक नॅनोसेकंद चुकला तर एक फूट चुकला. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, गुंठ्याची बाजू तेवढीच, आणि तेवढं अंतर जायला प्रकाशाला लागतात साधारण ३३ नॅनोसेकंद. इतका सोयीचा हिशेब ब्रिटिशांच्या फुटाने आपल्याला दिलेला दुसरा नसेल. पण बांधाच्या भांडणात फूटभर चूक म्हणजे डोकी फुटायची वेळ. तिथे सेंटिमीटर लागतो, आणि सेंटिमीटर म्हणजे ३३ पिकोसेकंद. असलं घड्याळ काठीवर मावत नाही. म्हणून रोव्हर संदेशाबरोबर येणाऱ्या लहरीची कला, म्हणजे फेज, पाहतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. तिचा कितवा भाग आत्ता अँटेनावर आहे, हे त्या लांबीच्या शतांशापर्यंत सांगता येतं. उरलेल्या चुका, म्हणजे उपग्रहाच्या घड्याळाची, वातावरणात लहर रेंगाळल्याची, या काढायला जागा पक्की ठाऊक असलेलं एक कायम संदर्भ स्थानक लागतं. तेही तेच उपग्रह ऐकत असतं. त्याला दिसलेली चूक रोव्हरच्या मोजमापातून वजा होते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशा स्थानकांचं जाळं उभारलं आहे.

उपग्रहावरची अणुघड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ ने पुढे, वेगामुळे ७ ने मागे, हा आइन्स्टाइनचा जमाखर्च. सव्वा त्रुटीच्या आसपासचा हा फरक आधीच वळता केला नसता, तर एका दिवसात अंतरात ११ किलोमीटरचा घोळ झाला असता आणि शेजाऱ्याचा बांधच काय, शेजारचं गावही आपल्या सातबाऱ्यावर आलं असतं.

जुन्या आणि नव्या जिन्यात फरक आहे तो हा. जुनी मापं दिवस भागून तयार झाली: वर दिवस, खाली त्रुटी. नवी मापं खालून वर येतात. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं. दिवस लांबला काय किंवा आखूड झाला काय, सेकंदाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि दिवस बदलतो. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांहून दीड मिलिसेकंदापेक्षा जास्त आखूड भरला. भास्कराचार्यांच्या मापाने पन्नासेक त्रुटी. त्यांची त्रुटी दिवसाला बांधलेली, म्हणून त्या दिवशी तीही केसाच्या कोट्यंशाने आखूड झाली. अणूला बांधलेल्या मापाने पाहिलं तर एका त्रुटीत सीझियमची सुमारे २ लाख ७२ हजार आवर्तनं बसतात. आता ती खरोखर मोजता येतात, म्हणजे धीयंत्राने भागलेला तुकडा आठशे-नऊशे वर्षांनी यंत्राच्या हाती आला.

तत्परालाही असाच एक सोबती मिळालाय. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून, जीएमआरटीतून, भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा एक गट स्पंदकांच्या ठोक्यांची वेळ वर्षानुवर्षं टिपतो आहे. त्यातला जे१९०९-३७४४ हा मेलेला तारा स्वतःभोवती २.९५ मिलिसेकंदांत एक फेरी मारतो, भास्कराचार्यांचा तत्पर २.९६ मिलिसेकंदांचा. सूर्यापेक्षा जड असा तो गोळा जवळपास दर तत्पराला एकदा फिरतो. त्याचे ठोके मायक्रोसेकंदाहून कमी फरकाने आधी किंवा उशिरा पोचतात का, हे पाहून अवकाशातून जाणाऱ्या अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागते. जून २०२३ मध्ये जगभरच्या अशा गटांनी ती चाहूल लागल्याचं जाहीर केलं, त्यात खोडदची निरीक्षणं होती.

मायक्रोसेकंदाचा सगळ्यांत जवळचा उपयोग मात्र वळवाच्या दिवसांत होतो. वीज पडते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओलहरींचाही स्फोट होतो. जुना रेडिओ खरखरतो तो त्यामुळेच. या लहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात. समजा कळवणजवळ वीज पडली, तर ७५ किलोमीटरवरच्या ग्राहकयंत्राला ती २५० मायक्रोसेकंदांनी ऐकू येईल आणि २०० किलोमीटरवरच्याला ६६७ मायक्रोसेकंदांनी. तीन-चार ठिकाणच्या वेळांतले असे फरक मिळाले की वीज कुठे पडली हे नकाशावर काढता येतं. ग्राहकयंत्रांच्या घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची चूक असेल तर ठिकाण शे-दोनशे मीटरने हलेल, कुणाची तक्रार नाही. चूक एका मिलिसेकंदाची झाली तर गोष्ट शेकडो किलोमीटरवर जाईल आणि कळवणची वीज अरबी समुद्रात पडल्याचं दिसेल. मिलि आणि मायक्रो यांत गल्लत करणं किती महागात पडतं, त्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असं जाळं उभारलं आहे आणि 'दामिनी' हे अॅप त्याच माहितीवर चालतं. आपल्याभोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजा ते दाखवतं.

ते मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. पण डोंगरपट्ट्यात रेंज गेली, बॅटरी संपली, तर हिशेब तोंडीही येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, आले किलोमीटर. दोन्हींत ३० सेकंदांहून, म्हणजे सव्वा पळाहून, कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: औजार खाली ठेवा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर सव्वा घटका, म्हणजे पूर्ण ३० मिनिटं, शेताकडे परत फिरू नका.